चावडीला दार बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-चोर्ला रस्त्यापासून आत असलेलं एक गाव. गावात जुनी कौलारू चावडी, तिला लागून रवळनाथाचं देऊळ आणि देवळापुढं लाकडी खांबांचा मंडप. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात धबधबे बघायला गोव्याकडून, बेळगावातून, हुबळी-धारवाडहून गाड्या येतात. पंच कमिटी म्हणते, चावडी उतरवू आणि तिथं स्लॅबचं यात्री निवास बांधू. गावातली पोरं म्हणतात, उतरवायची कशाला, तीच नीट करून शहरातल्या लोकांना राहायला देऊ, आता जुन्यालाच मागणी आहे. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात: पर्यटनानं गावकीच्या इमारतीत नेमकं काय बदलतं, आणि या दोन्हींत बरं कुठलं.

आधीच सांगून टाकतो. पंच आणि पोरं भांडतायत खरी, पण दोघांनाही चावडीला दार बसवायचंय. एकाला सागवानी, एकाला रोलिंग शटरचं, एवढाच फरक. मी बेळगाव, खानापूर, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात तीसेक वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या करतोय. देवळं, मठ, वाडे, दोन-तीन तालमी आणि बऱ्याच चावड्या. पर्यटनानं काय बिघडलं म्हटलं की लोक पत्रा आणि टाइल्स दाखवतात. ते पुढचं. पहिल्यांदा उघड्या जागेला कुलूप येतं, मग बाकीचं सगळं आपोआप येत जातं.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तुमची चावडी या भागातल्या नेहमीच्या घडणीची दिसते. जांभ्याचं कमरेएवढं जोतं, मागं एक मातीची किंवा जांभ्याची भिंत, बाकी तीन बाजू मोकळ्या, फणसाचे नाहीतर किंदळीचे खांब, आणि छपराचं उतरतं पाख इतकं खाली आलेलं की वाकून आत जावं लागतं. कणकुंबी, आमगाव, तुमचा तो सगळा पट्टा म्हणजे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सौंदत्तीकडं गेलात तर पाऊस त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शावर येतो आणि घरांवर मातीची सपाट माळवदं दिसतात. एकाच जिल्ह्यात दोन टोकांची बांधणी. खाली उतरलेलं पाख आणि उंच जोतं ही तुमच्याकडं शोभा म्हणून आलेली नाहीत. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस बसलेल्या माणसाच्या पाठीला लागू नये, एवढ्यासाठी ती तशी आहेत.

आता त्या जोत्यावर वर्षभर कोण बसतं ते मोजा. खरंच वहीत लिहून काढा. गावची बैठक, दसऱ्याला आणि शिमग्याला टेकणारी पालखी, मानकऱ्यांची पंगत, पावसात आडोशाला ठेवलेले नांगर आणि इरली, पाचवीपर्यंतच्या पोरांचा अभ्यास, रात्रीची भजनाची तालीम. शिवाय ज्यांचं गावात कुणीच नाही ती माणसं: बुरूड, कल्हईवाले, नंदीबैलवाले, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला निघालेल्या जोगत्या. त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांनीही कुणाला विचारायचं नसतं. चावडीला दार नाही याचा अर्थ एवढाच, की तिथं टेकायला परवानगी लागत नाही. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात याला खास शब्द नाही, आराखड्यात ते दिसतही नाही. मोकळ्या बाजू नुसत्या रेघेनं दाखवल्या जातात, आणि पुढं कुणीतरी त्या रेघेवर भिंत काढतं.

ती भिंत मीसुद्धा काढलीय. वीसेक वर्षं झाली असतील. रस्त्यावरच्या एका गावात जुनी धर्मशाळा होती, गावाचं नाव सांगत नाही. सौंदत्तीच्या डोंगराला बैलगाड्यांनी जाणारी माणसं तिथं मुक्काम करायची. पुढं लांबलचक सोपा, म्हणजे उघडी ओसरी, मागं दोन काळोख्या कोठ्या, परसात आड. कमिटीला पैसे मिळाले होते आणि गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावर सहली यायला लागल्या होत्या. मला म्हणाले, "साहेब, रूम काढा की. टॉयलेट नसलं तर कोण थांबतंय ओ?" मी तरुण होतो, काम हवं होतं. सोप्याला पुढून ग्रिल लावलं, मध्ये साडेचार इंची भिंती घालून चार खोल्या काढल्या, प्रत्येकीला बाथरूम. खांब तसेच ठेवले, त्यांना पॉलिश केलं, आणि जुनं जपलं म्हणून स्वतःवर खूष झालो. उद्घाटनाला फेटाही बांधून घेतला.

तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो. म्हातारी माणसं बस स्टॉपच्या शेडमध्ये बसलेली. त्यातले एक आजोबा म्हणाले, "आमची बसायची जागाच भाड्यानं लावलासा की ओ विंजनेर." ते हसत म्हणाले, पण मला हसायला आलं नाही. गाड्यांनी येणारी माणसं आता गावाबाहेरच्या माळावर उतरत होती, कारण बैल बांधायला आणि चूल मांडायला खोलीत जागा नव्हती. सहलीची माणसं पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी येत, इतर दिवशी खोल्यांना कुलूप. बाथरूमचं पाणी साडेचार इंची भिंतीतून खांबाच्या तळाशी मुरत होतं. मी पॉलिश केलेला खांब टाचणी टोचली तर आत जात होता. कमिटीची दोन गटांत विभागणी झाली होती आणि किल्ली ज्या गटाकडं होती त्यांचं खत चौथ्या खोलीत साठवलेलं होतं. इमारत जुनीच होती, खांब जुनेच, कौलं जुनीच. फोटोत फारसा फरक नव्हता.

म्हणून तुमच्या पोरांना सांगा, "जुनं ठेवून होमस्टे" म्हणजे जुनं राहिलं असं नव्हे.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर सौंदत्तीच्या डोंगरावर बघा. रेणुका-यल्लम्माच्या यात्रेला कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडून येणारी माणसं कित्येक पिढ्या तिथं उघड्यावर उतरतात. तीन दगड मांडायचे, नैवेद्य शिजवायचा, परडी भरायची, तिथंच जेवायचं. स्वयंपाक हा तिथं पूजेचाच भाग आहे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये पर्यटनस्थळांच्या विकासासाठी राज्यांना पैसे मंजूर केले, त्यात सौंदत्तीसाठी शंभर कोटींची तरतूद झाली, आणि कर्नाटकानं तिथं विकास मंडळही स्थापन केलं. स्वच्छतागृहं, पाणी, चालायला सावली, हे व्हायलाच हवं. पौर्णिमेच्या गर्दीत बायकांचे काय हाल होतात ते ज्यांनी बघितलंय ते त्याला विरोध करणार नाहीत. पण खोल्यांच्या इमारती बांधताना आराखडा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं देव बघून जेवायला हॉटेलात जाणारा पाहुणा असतो. एकदा एका यात्री निवासाच्या पायरीवर बसलेली कोल्हापूरकडची एक मावशी मला म्हणाली, "खोलीत चूल पेटवाय देत न्हाईत, बाहेर फरशी काळी होती म्हणून देत न्हाईत. मग आईला निवद कुठं करायचा?" त्या बाईला खोली नकोच होती. पाण्याचा नळ, छप्पर आणि काळी झाली तरी चालणारी जमीन एवढं पुरलं असतं. असा उघडा स्वयंपाकसोपा खोल्यांपेक्षा स्वस्तात होतो. दर चौरस फुटाला भाडं मात्र मिळत नाही, म्हणून तो कुणी काढत नाही.

ही आपल्याकडचीच तऱ्हा आहे असंही नाही. बोर्निओ बेटावर सारावाकमध्ये इबान लोकांची लांबच्या लांब सामाईक घरं असतात. प्रत्येक कुटुंबाची खोली मागं आणि पुढं सगळ्यांची मिळून एकच लांब पडवी, तिला ते रुआई म्हणतात. आपला सोपाच. पूर्वी पाहुणा त्या रुआईवर चटई टाकून झोपायचा. पर्यटक नियमानं यायला लागल्यावर कित्येक ठिकाणी त्यांच्यासाठी घराशेजारी वेगळी निवासं झाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अस्सलपणा गेला. मला ती वाट शहाणपणाची वाटते. झोपायची जागा बाहेर काढली, म्हणून बसायची जागा घरच्यांकडं राहिली.

दुसरं टोक हंपीला बघा. हंपी बाजाराच्या दगडी मंडपांत माणसं राहत होती, दुकानं-खानावळी चालवत होती, आणि त्यातली बरीच पर्यटकांवरच जगत होती. २०११ च्या जुलैत वारसा मोकळा करायचा म्हणून ती सगळी हलवली. मंडपांच्या दगडाला त्या वस्तीनं इजा केली होती हे खरं आहे, मी ते खिळे आणि ते सिमेंट डोळ्यांनी बघितलंय. आणि आता तो रस्ता संध्याकाळी कसा ओसाड वाटतो तेही बघितलंय. आधी पर्यटनानं मंडप भरले, नंतर पर्यटनाच्याच नावानं ते रिकामे झाले.

तुमच्या चावडीवर हंपीसारखा कायदा येणार नाही, तेही लक्षात ठेवा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ सालची, हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ कदंबांच्या काळातलं. असल्या दगडी वास्तूंना संरक्षण मिळतं. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. लाकूड आणि मातीच्या चावडीला असलं काहीच नसतं. ती पाडायला ठराव आणि एक जेसीबी पुरतो.

सामानाबद्दल बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

पहिला नंबर लागतो तो कौलांचा. शाकारणीला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, म्हणून पत्रा. तक्रार खरी आहे. पण पत्रा घातल्यावर दोन गोष्टी होतात ज्या कोटेशनमध्ये लिहिलेल्या नसतात. कौलारू छपराला चौरस मीटरमागं साधारण पंधरा कौलं लागतात, म्हणजे छपराचं वजन भरपूर, आणि जुने खांब जोत्यात बांधलेले नसतात, त्या वजनानंच जागेवर उभे राहतात. पत्रा हलका. चोर्ल्याकडून वारा सुटला की तोच सांगाडा उचलला जातो. मग लोखंडी पट्ट्या, मग सिमेंटचे पाय, मग खांबच लोखंडी. दुसरी गोष्ट आवाजाची. तुमच्याच भागातल्या एका गावात श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण चालू असताना मी नव्या पत्र्याच्या मंडपात बसलो होतो. पाऊस असा लागला की वाचणाऱ्याचे ओठ हलताना दिसत होते आणि टाळ वाजतायत हे हातांवरून कळत होतं. पुढच्या वर्षी कमिटीनं साउंड सिस्टिम घेतली. म्हणजे कौलांचे वाचवलेले पैसे स्पीकरला गेले, आणि शेजारच्या खोल्यांतले पाहुणे आवाजाची तक्रार करायला लागले. शेवटी पहाटेचा काकडा बिनस्पीकरचा करायचा असं ठरलं, जो पत्र्याखाली कुणालाच ऐकू येत नाही.

धबधब्यांचा हंगाम आणि सप्ताहाचा हंगाम एकच असतो, हे कमिट्यांच्या लक्षात पहिली बुकिंग आल्यावर येतं.

दुसरं सिमेंट. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट मारला की पहिली दोन वर्षं झकास दिसतं. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट शोधते, गिलाव्यातून तिला वाट नसते, मग ती वर चढत जाते आणि कमरेच्या उंचीवर लोणा, म्हणजे पांढरा खार, फुटतो. लोक म्हणतात, भिंत जुनी, म्हणून सडली. भिंत शंभर वर्षं टिकली होती, सडली ती गिलावा घातल्यावर. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरवायचा, वाळू धुतलेली, घाई नाही. आमच्याकडचे गवंडी मामा हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालतात. गुळाचं पाणी पोरांपासून लांब ठेवावं लागतं, एवढीच त्यातली अडचण.

तिसरं म्हणजे जमीन. सारवलेली जमीन पर्यटकाला आवडते पण बुटानं उखडते. तिथं लगेच चकचकीत टाइल्स घालतात, ज्यांवर ओल्या पायानं म्हातारी माणसं घसरतात. शहाबादी फरशी बरी, मधल्या सांध्यात चुना भरून, पॉलिश न करता. ग्रॅनाइट अजिबात नको. एका चावडीत ग्रॅनाइटच्या नव्या पायऱ्या बसवताना जुनी काळ्या दगडाची पायरी काढून गटारावर झाकण म्हणून टाकलेली मी बघितली. तिच्या उजव्या कडेला वीतभर लांब, बोट बसेल अशी खोलगट खाच होती. भातकापणीच्या दिवसांत विळे घासून घासून पडलेली. कडेचा मधला भाग बसून बसून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. गावाचा इतिहास म्हणून आत भिंतीवर शिवाजी महाराजांचं मोठं चित्र काढलं होतं, ते चांगलंच होतं. पण गावाच्या स्वतःच्या हातांची खूण गटारावर पालथी पडली होती.

आता पोरांच्या बाजूनं. त्यांचं एक बरोबर आहे. दांडेली-जोयडाकडं रिसॉर्टवाल्यांनी जुन्याची किंमत ओळखली आणि गावांनी ओळखली नाही. पण तिकडं जाऊन नीट बघा म्हणावं. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग, पत्र्यावर गवताचा थर, आणि भिंतीवर वारली चित्रं. वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. जोयड्याच्या कुणब्यांच्या घरात ती कधी नव्हती. त्यांच्याकडं त्यांचं स्वतःचं पुष्कळ आहे. कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा जाऊन बघा, किती जातींची कंदं आणि किती तऱ्हेच्या टोपल्या ते. पण पाहुण्याला "गाव" म्हणजे काय दिसायला हवं याचा एक नमुना ठरून गेलाय, आणि आता गावंच त्या नमुन्याप्रमाणे स्वतःला रंगवायला लागलीत. तुमच्या तालुक्यात दोन मंडपांवर मला वारली नाच दिसला. विचारलं तर म्हणाले, पाहुण्यांना आवडतं.

सगळं पाप पर्यटकांच्या माथी मारू नये. आपल्या भागात इमारती बदलायचं सगळ्यात मोठं कारण यात्रा आहे. महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा येते. ती ठरली की दोन वर्षं आधीपासून घरोघरी कर्ज काढून स्लॅब पडतात, देऊळ नवं होतं, देवीला बसवायचा गदगा नवा होतो, कारण सगळ्या पै-पाहुण्यांसमोर गावाची लाज राहायला हवी. तिथं कुणी परकं येत नाही, तरी इमारत पाहुण्याच्या नजरेनंच बांधली जाते. पर्यटनानं ती नजर वर्षातून बावन्न आठवडे आणली, इतकंच. आणि पैशाची तऱ्हा बघा. देवळांसाठीची सरकारी आराधना योजना असो की आमदार निधी, मिळणारा पैसा बहुतेक नव्या बांधकामाला वळतो, कारण डागडुजीला कोनशिला लावता येत नाही. शाकारणीचं उद्घाटन कोण करणार? म्हणून पंच कमिटी पाडायला निघाली तर तिला वेडं ठरवू नका. तिच्यापुढं जो पैसा आहे तो पाडल्यावरच मिळणारा आहे.

आता तुमच्या गावात काय करावं. मी असतो तर कुठल्या क्रमानं गेलो असतो ते सांगतो.

पहिलं काम कागदाचं. चावडीचा आणि देवळाचा उतारा काढा. चावडी ग्रामपंचायतीच्या नावावर असते, कधी महसूल खात्याच्या, देऊळ मुजराईकडं, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडं, असेल किंवा नसेल. मालक वेगवेगळे असले आणि तुम्ही दोन्हींवर मिळून एक छप्पर घातलंत तर दहा वर्षांनी कोर्टात जाल. तुमचा भाग भीमगड अभयारण्याच्या जवळचा आहे. ते २०११ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच्या लगत व्यावसायिक निवास काढायचं तर वन खात्याचे नियम आधी बघावे लागतात. स्लॅब पडल्यावर नोटीस आलेली मी बघितलीय.

झोपण्याची सोय चावडीत अजिबात नको. पाहुणे घरांत ठेवा. ज्यांच्या घरी एक-दोन खोल्या रिकाम्या आहेत, पोरं पुण्याला किंवा गोव्याला आहेत, अशी पाच-सात घरं तुमच्या गावात नक्की निघतील. पैसा थेट त्या घरात जातो, स्वयंपाक घरच्या बाईच्या हातात राहतो, आणि खोलीला कुलूप लागलं तरी ते तिच्या मालकीच्या खोलीला लागतं. प्रत्येक घरानं मुक्कामामागं ठरलेली रक्कम चावडीच्या खात्यात टाकायची. तेवढ्यात दर वर्षीची शाकारणी भागते. पाहुण्यांनी चावडीवर बसायला यावं की, जरूर यावं. पण बसायला. नंदीबैलवाला येतो तसं. तिथं त्यांना भजन ऐकायला मिळालं तर मिळालं, त्यांच्यासाठी म्हणून भजन लावायचं नाही. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या, आणि सप्ताह, शिमगा, दसरा, गावात मयत झालेले दिवस, यांत पाहुणे घेणार की नाही तेही लिहा. तोंडी ठरलेलं पहिल्या मोठ्या बुकिंगला विसरतात.

स्वच्छतागृह लागणारच. पर्यटकांपेक्षा गावातल्या बायकांना ते जास्त लागतं, यात्रेच्या दिवशी तर लागतंच. पण ते चावडीच्या पोटात नको. मागच्या बाजूला, सुटं, स्वतःच्या जोत्यावर, चावडीच्या पाखाचं पाणी त्याच्यावर पडणार नाही इतक्या अंतरावर. शोषखड्डा आडापासून किंवा विहिरीपासून निदान साठ फूट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. तुमच्याकडच्या जांभ्यातून पाणी चाळणीतून गेल्यासारखं जातं, म्हणून याबाबतीत फूटभरही सूट घेऊ नका.

मग छप्पर. भिंती, रंग, दिवे, सगळं नंतर. कौलं उतरवताना कारखान्याचा शिक्का बघून वेगवेगळी लावा. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तो नमुना सगळीकडं पसरला, तरी प्रत्येक कारखान्याच्या खाचेचं माप किंचित वेगळं असतं. एका पाखात दोन कारखान्यांची कौलं मिसळली की सांधा बसत नाही आणि लोक म्हणतात कौलं गळतात. खानापूर म्हणजे कौलांचं आणि कुंभारकामाचं गाव, खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्रही तिथंच आहे. जुनी उतरवलेली कौलं तालुक्यातच मिळतील. माकडांवर उपाय म्हणून कौलांच्या वर जाळी मारू नका, पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं. खालून, रिपांच्या आतल्या बाजूला जाळी लावा. कौल फुटलं तरी तुकडा डोक्यात पडणार नाही.

आणि पंचांच्या पैशाचं काय? त्यांना हरवायला जाऊ नका. निधी नव्या बांधकामालाच मिळणार असेल तर नवं बांधू द्या, पण दुसऱ्या जागेवर: मागं स्वच्छतागृह, त्याला लागून यात्रेच्या पंगतीसाठी मोठा स्वयंपाकसोपा, पाण्याची टाकी, भांड्यांची कोठी. तिला कुलूप लागू दे, कोनशिला लागू दे, नारळ फुटू दे. देऊळ खरंच जुनं निघालं, दगडी गाभारा आणि शिल्प असलं, तर राज्याचं पुरातत्त्व खातं आणि धर्मस्थळचा धर्मोत्थान ट्रस्ट मिळून अशा देवळांच्या जीर्णोद्धाराला हात लावतात, त्यात गावाचाही वाटा असतो. तिथं अर्ज करून बघा. वेळ लागतो, पण काम जाणकार माणसांच्या हातून होतं.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत पण पोरं विचारतील: चावडी उघडी ठेवली तर दारू पिणारे येऊन बसतील. येतील. आजही येत असतील. रात्री एक दिवा लावा आणि भजनाची तालीम बंद पडू देऊ नका, ती चालू असते तोवर तिथं बाटली उघडत नाही. हा माझा अंदाज नाही, मी तीन गावांत बघितलंय. ज्या गावात तालीम बंद पडली तिथं ग्रिल लावलं, आणि पिणारे ग्रिलच्या आत जाऊन बसले, कारण किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडं होती.

पाऊस संपला की, दिवाळीच्या आसपास, चावडीचं मोजमाप घ्या. खांबांचे तळ दोन बोटं उकरून टाचणी टोचून बघा, मऊ लागले तर कुठल्या बाजूचे ते लिहा. मागच्या भिंतीवर ओल कुठपर्यंत चढलीय तिथं खडूनं रेघ मारून तारीख टाका, म्हणजे पुढच्या वर्षी कळेल. फोटो पाठवाल तेव्हा नुसता समोरून नको, आढ्याचा खालून काढलेला आणि पायरीचा जवळून काढलेला हवा.